ग्रंथपालांच्या पोटातली शांतता

मित्रांनो, दवाखान्यात तुम्ही मला कधी ना कधी पाहिले असेल. पण माझ्याकडे लक्ष दिले नसेल. लोक बाटलीकडे पाहतात, बाटलीतून पडणाऱ्या थेंबांकडे पाहतात, आणि नळी ज्या हातात शिरते तो हात पाहून "अरेरे" म्हणतात. ती बाटली हवेत तरंगते, अशी बहुतेकांची समजूत असावी. ती तरंगत नाही. ती मी धरलेली असते. मी एक जुना सलाईनचा स्टँड आहे.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या कारखान्यात झाला. स्टीलच्या एका लांब नळीचे दोन तुकडे केले गेले. एका तुकड्याचा मी झालो आणि दुसऱ्याचा, एका ऐसपैस बंगल्याच्या न्हाणीघरात टॉवेल टांगायचा दांडा. आम्ही सख्खे भाऊ. तो सुगंधी साबणाच्या वासात राहतो आणि मी फिनेलच्या. पूर्वी मला त्याचा हेवा वाटे. पुढे लक्षात आले, की तो जन्मभर भिंतीला ठोकलेला आहे आणि मला पाच चाके आहेत. तेव्हापासून मी भावाविषयी बरेच चांगले बोलतो.

मी वॉर्डात आलो तेव्हा मात्र या चाकांना काही काम नव्हते. त्या काळी पोटाचे ऑपरेशन झाले की माणसाने पडून राहायचे, अशी पद्धत होती. पेशंट पलंगावर उताणा आणि मी शेजारी ताठ. दोघेही छताकडे पाहत असू. पेशंट जरा कुशीवर वळला की चार नातेवाईक एकदम ओरडत, "हलू नका, टाके उसवतील!" पोटात अन्न नाही, ओठांना पाणी नाही. घरचे, डॉक्टर, नर्सबाई असे सगळे मिळून एका गोष्टीची वाट पाहत बसत.

ती गोष्ट कोणती, हे सांगायला मला लाज वाटत नाही. मी लोखंडाच्या जातीचा आहे. आतडे हे मोठे मानी प्रकरण असते. ऑपरेशनमध्ये त्याला हात लागला, की ते रुसते आणि काम बंद करून झोपी जाते. मग पोटातला वारा पुढे सरकत नाही, पोट फुगते, मळमळते. काही दिवसांनी ते आपण होऊन जागे होते. जागे झाल्याची पहिली खबर ते ज्या वाटेने देते, ती सभ्य घरांत खबर मानली जात नाही. हसलात? हसा. सर्जरीच्या वॉर्डात मात्र त्या खबरीवर डॉक्टर पेशंटचे अभिनंदन करतात.

मग आमच्या वॉर्डात नव्या सर्जन आल्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी ओळीने पडलेले पेशंट पाहिले, ओळीने उभे असलेले आम्ही स्टँड पाहिले आणि नर्सबाईंना विचारले, "यांना चाकं कशासाठी दिली आहेत?"

नर्सबाईंनी जरा विचार केला. "झाडताना सरकवायला."

"माणसं सरकवायला," मॅडम म्हणाल्या. "पाय चालले, की पोट चालतं."

त्या दिवसापासून माझे खरे आयुष्य सुरू झाले. चाकांत तेल पडले. पेशंटचा एक हात पोटावरच्या उशीवर आणि दुसरा माझ्या कमरेवर, असे आम्ही व्हरांड्यात निघू लागलो. मी सुतारांबरोबर चाललो, शिक्षिकांबरोबर चाललो, एका पैलवानाबरोबर चाललो. तो पहिल्या पावलाला "आई गं" म्हणाला आणि मग कुणी ऐकले तर नाही ना, म्हणून मागे वळून पाहू लागला. नर्सबाई म्हणत, "हा स्टँड द्या, हा सरळ चालतो." मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला मिळालेली ही सर्वांत मोठी शाबासकी. माणसांनाही ही क्वचित मिळते.

अशा कितीतरी लोकांची सोबत मी केली. त्यांतल्या एकाची गोष्ट मात्र मला सांगितलीच पाहिजे.

हे गृहस्थ एका मोठ्या वाचनालयाचे ग्रंथपाल होते. मोठ्या आतड्याला आलेली गाठ कापून काढून, आतडे पुन्हा जोडून त्यांना आमच्याकडे आणले होते. नोकरीचा सगळा काळ त्यांनी लोकांना गप्प करण्यात घालवला होता. त्यामुळे ते स्वतः इतके हळू बोलत, की नर्सबाईंना त्यांच्या तोंडाजवळ कान न्यावा लागे. वेदना झाल्या तरी ते डोळे मोठे करीत. आवाज करीत नसत. खोकला आला तर आधी इकडेतिकडे पाहत.

त्यांच्या शेजारच्या पलंगावर एक ट्रकवाले होते. त्यांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले होते आणि प्रकृती झकास होती. त्यांच्या पोटाने पहिली खबर दिली, ती पलीकडच्या बायकांच्या वॉर्डातही पोहोचली. ट्रकवाल्यांनी हात वर करून जाहीर केले, "हॉर्न वाजला! रस्ता मोकळा!" ग्रंथपालांनी डोळे मिटून घेतले.

तेव्हापासून ट्रकवाले रोज उठल्या उठल्या विचारीत, "काय साहेब, तुमचा हॉर्न वाजला का?"

"जरा हळू बोला," ग्रंथपाल पुटपुटत.

"हळू बोलून हॉर्न वाजतो होय?"

ग्रंथपालांच्या दिमतीला दोन बायका होत्या. एक त्यांची मोठी बहीण आणि एक बायको. बहीण अंगाने, आवाजाने आणि मायेने भरलेली होती. मॅडमनी पलंगाशेजारी एक हातांची खुर्ची ठेवायला सांगितली होती. पेशंटने पडून न राहता त्या खुर्चीत बसावे, असा त्यांचा हेतू होता. त्या खुर्चीत बहीण बसली. सकाळी बसली की अंधार पडेपर्यंत ती तिथून सगळ्यांना हुकूम सोडी. बायको स्टुलावर बसे. ती फारशी बोलत नसे. शांततेची आवड असलेल्या माणसाबरोबर संसार केला, की बोलण्याची सवय हळूहळू सुटत असावी.

मॅडमनी ग्रंथपालांना साध्या गोष्टी सांगितल्या होत्या. खुर्चीत बसा, चाला, पाण्याचे छोटे घोट घ्या आणि हे चघळा. 'हे' म्हणजे बिनसाखरेचे च्युइंगगम.

ग्रंथपालांनी ते पाकीट दोन बोटांत धरले. "हे मी चघळू?"

"हो. तोंड हललं, लाळ सुटली, की आतड्याला निरोप जातो. जेवण येतंय, उठा. जेवण येत नाही, पण तोवर आतडं उठून बसलेलं असतं. साधी फसवणूक आहे. गिळायचं मात्र नाही."

"माझ्या वाचनालयात याला बंदी होती."

"हे वाचनालय नाही."

"ते दिसतंच आहे," ग्रंथपाल म्हणाले आणि त्यांनी ट्रकवाल्यांकडे पाहिले. ट्रकवाले कागदाची पिशवी फुगवून फोडण्याच्या बेतात होते.

मॅडम गेल्यावर त्यांनी बायकोला हळूच सांगितले, की वाचायच्या टेबलांच्या खालून हेच रबर खरवडण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. त्यासाठी ते खास एक पोलादी पट्टी खिशात ठेवीत. कितीतरी पोरांना त्यांनी या एका गुन्ह्यासाठी दारातून परत पाठवले होते. आता कुठल्या तोंडाने चघळायचे? त्यांनी पाकीट खणात ठेवून दिले.

"बरं केलंस बाळ," बहीण म्हणाली. "या वयात रवंथ करायचं म्हणजे काय! आणि ते चालणंबिलणं पण राहू दे. मी आहे ना इथे. तुला काय लागेल ते मी हातात देते."

आणि ती देत राहिली. पाणी, चष्मा, रुमाल, सगळे हातात. भेटायला येणारे नातेवाईकही तिने असे लावून दिले होते, की एक गेला की दुसरा हजर. भावाला क्षणभरही एकटे वाटू नये, एवढीच तिची इच्छा होती. ती पुरेपूर पूर्ण झाली. मित्रांनो, प्रेम वाईट नसते. पण कधी कधी ते खुर्ची अडवून बसते.

एके सकाळी मॅडम राउंडला आल्या. त्यांच्यामागे शिकणाऱ्या डॉक्टरांचा घोळका होता. सगळ्यांनी पलंगाभोवती कडे केले. बहीण खुर्चीत, बायको स्टुलावर, ट्रकवाले कोपरावर रेलून कान टवकारलेले.

"काय, वारा सरला का?" मॅडमनी विचारले.

ग्रंथपालांचे कान लाल झाले. इतक्या माणसांत असा प्रश्न त्यांना जन्मात कुणी विचारला नव्हता. त्यांनी एकदा बहिणीकडे पाहिले, एकदा त्या तरुण डॉक्टरांकडे पाहिले, आणि प्रश्नातून लवकर सुटावे म्हणून मान हलवली.

"हो."

"कधी?"

"मघाशी."

मी तिथेच होतो. मघाशी फक्त भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज झाला होता.

"छान!" मॅडम म्हणाल्या. "मग आता थोडं थोडं पातळ सुरू करा. अंदाज घेत घ्या."

झाकली मूठ सव्वा लाखाची, अशा चेहऱ्याने ग्रंथपाल उशीवर टेकले. पण मॅडमच्या वाक्यातला शेवटचा शब्दच बहिणीने ऐकला होता. 'घ्या.' दुपारी ती घरी जाऊन डबा घेऊन आली. तो उघडायलाच दोन्ही हात लागले. ग्रंथपालांना भूक नव्हती. पण खरे सांगायची सोयही उरली नव्हती. एका खोट्याच्या पाठीमागे दुसरे खोटे येते, असे आपण ऐकतो. इथे खोट्याच्या पाठीमागे चार पुडांचा डबा आला. त्यांनी भिडेखातर खाल्ले.

ऊन उतरायच्या आत त्यांचे पोट नगाऱ्यासारखे ताणले. उचकी लागली. मग खाल्लेले सगळे उलटून बाहेर आले. थोडे माझ्याही पायांवर आले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नर्सबाई धावल्या, मॅडमना निरोप गेला.

मॅडमनी पोट दाबून पाहिले, वाजवून पाहिले, स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकले. "आतडं अजून झोपलंय. मग सकाळी हो कसं म्हणालात?"

ग्रंथपालांचे ओठ हलले. नर्सबाईंनी कान नेला आणि मोठ्याने सांगितले, "म्हणतात, इतक्या लोकांत नाही कसं म्हणू?"

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. "हे बघा," त्या म्हणाल्या, "उलटी एकदाच झाली आहे, म्हणून मी थांबते. जेवण बंद. पाणी फक्त ओठ भिजण्यापुरतं. च्युइंगगम चालेल. पुन्हा उलटी झाली तर लगेच सांगायचं. उद्या सकाळच्या राउंडपर्यंत हा फुगा उतरला नाही, तर नाकातून नळी घालून पोट रिकामं करावं लागेल. त्यानंही भागलं नाही, तर आत काही अडकलंय का, ते बघावं लागेल."

"बघायचं म्हणजे?" बायकोने विचारले. "पुन्हा उघडून?"

"वेळ आली तर. बहुतेकदा येत नाही."

ग्रंथपालांची माझ्याकडची मूठ घट्ट झाली. त्यांची नळी माझ्याशी जोडलेली असल्यामुळे हे मला लगेच कळले, थेंब अडखळले.

"मॅडम, आधी त्याला ते मोठं इंजेक्शन द्या हो," बहीण कळवळून म्हणाली. "कळांनी तळमळतोय."

"ते इंजेक्शन दुखणं झोपवतं, पण आतड्यालाही सोबत झोपवतं," मॅडम म्हणाल्या. "दुखणं अंगावर काढायचं नाहीच. दुसरं औषध देते. त्यानं चालण्याइतपत बरं वाटेल."

मॅडम गेल्या. मग बायको स्टुलावरून उठली.

"वन्सं," ती नणंदेला म्हणाली, "उठा."

"का गं? कुठं जायचंय?"

"तुम्हाला घरी. खुर्ची यांची आहे."

"अगं, याची ही अवस्था, आणि मी याला सोडून घरी जाऊ?"

"हो. तुम्ही समोर बसलात, तर हे जन्मात पादायचे नाहीत."

मित्रांनो, तो शब्द त्या घरात कधी कुणी उच्चारला नसावा. ट्रकवाल्यांनी वर्तमानपत्र तोंडावर ओढून घेतले आणि ते वर्तमानपत्र हलू लागले. बहिणीचा चेहरा मात्र उतरला. तिने भावाकडे पाहिले. "बाळ, ऐकलंस ही काय म्हणते ते?"

ग्रंथपालांनी प्रथम स्वतःच्या पायांकडे पाहिले, मग बायकोकडे. "ताई," ते म्हणाले, "तू सकाळी ये."

बहीण उठली. जाताना तिने भावाच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले, आणि दारातून वळून बायकोला म्हणाली, "काही लागलं तर फोन कर. लगेच येते." ती डोळे पुसत होती. ती वाईट नव्हती, हे मी पुन्हा सांगतो.

नर्सबाईंनी ग्रंथपालांना उठायची रीत दाखवली. आधी कुशीवर वळायचे, मग पाय खाली सोडायचे, मग हाताच्या जोरावर बसायचे; पोटाच्या जोरावर उठायचे नाही. पोटाशी उशी धरली. दुसरा हात माझ्या कमरेवर आला. तो थंडगार होता. पहिल्या पावलाला त्यांनी श्वास रोखला, दुसऱ्याला सोडला, आणि दारापर्यंत जाऊन म्हणाले, "पुरे."

"पुरे तर पुरे," बायको म्हणाली.

पण दारातून व्हरांडा दिसत होता, आणि व्हरांड्यात भिंतीलगत खुर्च्यांची रांग होती. भेटीची वेळ संपून लोक निघून गेले होते आणि एकही खुर्ची सरळ नव्हती. एक भिंतीकडे तोंड करून, दोन एकमेकींना चिकटून, एक पार वाटेत.

आता ग्रंथपालांची एक सवय तुम्हाला सांगायला हवी. वाचनालय बंद करण्यापूर्वी ते रोज सगळ्या दालनांतून फेरी मारीत. बाहेर डोकावणारी पुस्तके तळव्याने आत लोटायची, खुर्च्या टेबलाखाली सारायच्या, मगच दिवे मालवायचे. हे नाही केले तर त्यांना घरी घास गोड लागत नसे.

त्यांनी त्या खुर्च्यांकडे पाहिले. दोनतीनदा मान फिरवली. "हे असंच ठेवतात?"

"असंच," बायको म्हणाली.

ग्रंथपाल निघाले. मी त्यांच्यासोबत निघालो. मला पर्याय नव्हता. वाकायचे नाही, ओढायचे नाही, असे नर्सबाईंनी बजावले होते. म्हणून ते बोट दाखवीत आणि बायको खुर्ची सरकवी. एक झाली. मग दुसरी. "जरा डावीकडे. नाही, तुझ्या डावीकडे." अशी ती रांग शेवटपर्यंत सरळ झाली. मग ते थकून एका खुर्चीत टेकले आणि आधारासाठी त्यांनी बैठकीची कड धरली. हात झटकन मागे आला.

"इथंही!" ते ओरडले.

हो मित्रांनो, ओरडले. खुर्चीच्या खाली कुणीतरी चघळून झालेले रबर चिकटवून ठेवले होते. नर्सबाई काचेमागून डोकावल्या. बायको हसू लागली. तिला हसू आवरेना.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही."

त्यांनी बोटे रुमालाला पुसली. मग म्हणाले, "ते तू आणलंयस का?"

"काय?"

"ते रबर. खणातलं."

तिने आणले होते. ग्रंथपालांनी वेष्टन सोडवले, कागदाची नीट घडी करून ती खिशात ठेवली, आणि चघळू लागले. साक्षीपुराव्याची चव घेत असल्यासारखा त्यांचा चेहरा होता. "पुदिन्याचं आहे," ते शेवटी म्हणाले. "झाल्यावर कागदात गुंडाळून टाकायचं. एवढं तर कुणालाही जमतं."

चघळत चघळत आम्ही परत फिरलो. बायको त्यांच्या चालीने चालत होती.

"मला तरी सांगायचं होतंत," ती म्हणाली.

"काय?"

"की झालं नाही म्हणून."

"ताई होती. ती शिकणारी पोरं होती."

"वन्सं डबा आणायला गेल्या, तेव्हा मी एकटीच होते की."

ग्रंथपालांनी माझ्या कमरेवरची पकड बदलली. "तुझ्यासमोर तर आणखी अवघड," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत तुझ्यासमोर कधी…"

"तुम्ही झोपेत काय काय करता, ते मला ठाऊक आहे."

ते थांबले. मीही थांबलो. "काय करतो?"

"तेच. चांगलं दणदणीत."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

"आणि तू कधी बोलली नाहीस?"

"तुम्हाला शांतता आवडते," बायको म्हणाली.

मी अनेक जोडप्यांबरोबर तो व्हरांडा चाललो आहे. पण दोघे एकदम हसले आणि त्यातल्या एकाने टाके दुखू नयेत म्हणून पोटाशी उशी दाबून धरली, असे मी तिथे प्रथमच पाहिले. झोपण्यापूर्वी त्यांनी आणखी एक फेरी मारली. ट्रकवाल्यांनी तोंड भिंतीकडे करून घेतले होते आणि वर्तमानपत्र कानावर ठेवले होते. तेही आपल्या परीने मदत करीत होते.

सकाळी पोट काहीसे मऊ वाटत होते, पण फुगा होताच. उलटी पुन्हा झाली नव्हती, म्हणून नर्सबाईंनी मॅडमना विचारून गरम कॉफीचे दोन घोट दिले. "यानंही कधी कधी आतडं हलतं," त्या म्हणाल्या. मग ग्रंथपाल खुर्चीत बसले, स्वतःच्या खुर्चीत, आणि राउंडपूर्वी एकदा चालायला निघाले. व्हरांड्याच्या टोकाला बायको पाण्याची बाटली भरायला गेली. वळणावर आम्ही दोघेच होतो. आणि तिथे, मित्रांनो, पुस्तकाचे पान उलटावे एवढाच आवाज झाला.

ग्रंथपाल जागच्या जागी खिळले. त्यांनी मागे पाहिले, पुढे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. माणसाला इतक्या थोड्या गोष्टीत इतका आनंद होऊ शकतो, हे टॉवेलच्या दांड्याला कधी कळणार नाही.

आम्ही वॉर्डात परतलो, तर राउंड येऊन ठेपलेला. मॅडम, त्यांच्यामागे तोच घोळका, दाराशी बहीण, आणि पलंगाजवळच्या टेबलावर कापडाने झाकलेला ट्रे. त्या ट्रेमध्ये नाकातून घालायची नळी होती. बायको बाटली हातात घेऊन उभी राहिली.

"काय?" मॅडमनी विचारले.

"सरला," ग्रंथपाल म्हणाले.

मॅडमनी त्यांच्याकडे रोखून पाहिले. "काल पण तुम्ही हो म्हणालात."

"आज खरं आहे."

"कुणी ऐकलं?"

ग्रंथपालांनी बायकोकडे पाहिले. तिने खाली पाहिले. ती तिथे नव्हती आणि तिला खोटे बोलवेना. मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. "हा होता."

तरुण डॉक्टर हसले. मी आयुष्यात कधी साक्षीदार झालो नव्हतो. आणि झालो तेव्हा मला तोंड नव्हते.

"माझा भाऊ खोटं बोलत नाही!" बहीण दारातून म्हणाली.

"कालच बोललाय," ट्रकवाले म्हणाले.

"आडवे व्हा," म्हणत मॅडमनी स्टेथोस्कोप कानाला लावला आणि तो पोटावर ठेवला. मग हात वर केला. "शांत राहा सगळे. कुणी बोलू नका."

सगळा वॉर्ड गप्प झाला. घोळका गप्प झाला, बहीण गप्प झाली, ट्रकवाल्यांनी श्वास धरला. माझा थेंब पडलेला ऐकू येईल, अशी शांतता पसरली. ग्रंथपालांनी जन्मभर जिच्यासाठी धडपड केली, तीच ही शांतता. आणि त्या शांततेत ग्रंथपालांच्या पोटाने आपले म्हणणे मांडले.

पान उलटण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. सर्वांत वरच्या फळीवरून जाडजूड शब्दकोश एकामागून एक खाली यावेत, तसे ते होते. शेवटचा खंड तर बराच लांबला.

ग्रंथपालांचे कान लाल झाले होते. त्यांचे ओठ 'माफ करा' म्हणायला हलले, पण ते शब्द त्यांनी गिळले. ते मॅडमकडे पाहून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "ऐकलंत ना?"

मॅडमनी स्टेथोस्कोप गळ्यात टाकला. "यासाठी हे लागत नाही," त्या म्हणाल्या आणि नर्सबाईंकडे वळल्या. "ट्रे परत न्या."

मग वॉर्डात जे झाले त्याचे वर्णन काय करावे! ट्रकवाले टाळ्या पिटत होते. तरुण डॉक्टर वहीत तोंड लपवीत होते. बहीण डोळ्यांना पदर लावून म्हणत होती, "देव पावला. आमचे वडीलही अगदी असेच—"

"ताई!" ग्रंथपाल म्हणाले.

बायको पाण्याची बाटली पोटाशी धरून स्टुलावर बसली. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. आता पुन्हा उघडावे लागणार नाही, एवढे एकच वाक्य ती मनातल्या मनात म्हणत असावी. कारण तिचा श्वास हळूहळू माझ्या थेंबांच्या लयीत येत गेला.

पुढे पोट उतरले, पातळ सुरू झाले, मग मऊ जेवण. बहीण आता चमच्याएवढे आणी आणि "पुरे का?" असे दहादा विचारी. एके दिवशी नर्सबाईंनी ग्रंथपालांच्या हातातली सुई काढली आणि मला बाजूला सारले. निघताना दाराशी त्यांचा हात सवयीने माझ्यासाठी बाजूला गेला. मी तिथे नव्हतो. तिथे बायकोचा खांदा होता. त्यांनी तो धरला आणि ते गेले. स्टँडच्या आयुष्यात यश म्हणजे एवढेच असते, की एक दिवस त्याला कुणी धरत नाही.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो. नवे स्टँड आले आहेत. त्यांच्या पोटात यंत्रे असतात आणि ती सारखी टीं टीं करतात. मी चादरींच्या खोलीत कोपऱ्यात असतो. माझ्या एका आकड्याला कुणाची तरी छत्री आणि दुसऱ्याला जेवणाची पिशवी. अखेर भावासारखीच माझी गत झाली, असे कधी कधी मनात येते. चाकांत केसांची गुंतवळ अडकली आहे. ती काढून तेलाचा एक थेंब घातला, तर मी अजूनही सरळ चालेन.

पण माझी विनंती माझ्यासाठी नाही. तुमच्या घरी कुणाचे पोटाचे ऑपरेशन झाले, तर डॉक्टरांना विचारून त्याला बसवा, चालवा, थोडे थोडे द्या. पोट फुगले, उलटी झाली, तर लपवू नका. सगळ्यांचे पोट ग्रंथपालांसारखे वेळेवर बोलत नाही. कुणाकुणाला ती नळी लागतेच, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. डॉक्टरांनी विचारले, की जे असेल तेच सांगा. पेशंटला लाज वाटत असेल, तर त्याला उपदेश करू नका. जरा बाहेर जाऊन उभे राहा. त्याला जे सांगायचे आहे ते सांगायला आणि जे करायचे आहे ते करायला मोकळीक द्या.

आणि कोपऱ्यात माझ्यासारखा कुणी उभा दिसला, तर त्याच्यावर छत्री टांगण्याआधी त्याला एकदा पुसा. बाकी माझी काळजी नको. उभे राहणे हा माझा धंदाच आहे. पडून राहणे हा मात्र तुमचा नव्हे.